गाठीला हात लावण्याआधी

घोडे पाळणाऱ्याच्या दारात एक गिऱ्हाईक हमखास येतं, ते घोड्याच्या शेपटीचा केस मागायला. मानेवर नाहीतर पापणीवर चामखीळ आलेली असते आणि घोड्याचा केस करकचून बांधला की ती गळून पडते, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. माणसाची लोंबती चामखीळ त्यानं गळतेही. रक्तच तुटतं तिचं. आम्ही केस देतो, वर चहाही पाजतो. पण हाच इलाज खुद्द घोड्यावर केला तर काय होतं, ते मी आमच्याच पागेत पाहिलं आहे.

आमची मैना कुमैत रंगाची, वरातीची घोडी. पाचवं लागलं होतं तेव्हा डाव्या काखेशी, नेमका खोगिराचा तंग घासतो तिथं, रुपयाएवढा चट्टा उठला. केस गेलेले, कातडी खरखरीत, वर करडा कोंडा. तंगाची रगड म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. पुढच्या उन्हाळ्यात त्याच चट्ट्यात वाटाण्याएवढी गाठ आली. नाना, म्हणजे माझे थोरले चुलते, जन्मभर घोड्यांत राहिलेले. लंगड्या घोड्याचं नुसतं चालणं बघून दुखणं कुठल्या खुरात आहे ते सांगणारा माणूस. त्यांनी केस बांधला, वर चुना-सोडा लावला. गाठ काळी पडली आणि गळली. नाना खूश. पण खालची जागा सुकेचना. तिथून लालभडक मांस वर येऊ लागलं आणि दिवाळीपर्यंत त्याचा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा उंचवटा झाला. हात लागला की रक्त, माश्यांची झुंबड, तंग आवळायची सोयच नाही. लग्नाचा सगळा हंगाम घोडी दावणीला उभी.

घोड्यांची कामं करणारे डॉक्टर पुण्याहून आले तेव्हा नाव कळलं: सारकॉइड. घोड्याच्या कातडीवर सर्वांत जास्त आढळणारी गाठ हीच. ती रक्तातून फुफ्फुसात-यकृतात पसरत नाही, म्हणून जीव घेत नाही. पण जागच्या जागी मुळं धरते आणि अर्धवट डिवचली की चवताळते. तिच्यामागचा विषाणू मुळात गाईबैलांच्या चामखिळींचा. माश्या तो इकडून तिकडे नेत असाव्यात, असं अभ्यासक मानतात. आपल्याकडे गोठा आणि पागा एकाच पत्र्याखाली असते, गाईच्या सडावरून उठलेली माशी घोड्याच्या जखमेवर बसते, तेव्हा हे ऐकून मला फारसं नवल वाटलं नाही.

डॉक्टरांचं एक वाक्य मी पागेच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं आहे: पहिला इलाज हाच सर्वांत चांगला इलाज. कारण दर अपुऱ्या प्रयत्नानंतर ही गाठ आधीपेक्षा दांडगी होऊन येते. म्हणून केस, रबर, चुना, ॲसिड, मोरचूद, ब्लेड यांतलं काहीही तिच्यावर चालवू नका. तपासणीला तुकडा काढायचा तरी पुढच्या उपचाराची तयारी ठेवूनच काढतात. उपचार बरेच आहेत: कडेच्या निरोगी कातडीसकट कापणं, द्रव नायट्रोजननं गोठवणं, गाठीत कर्करोगाचं औषध टोचणं, डोळ्याभोवती असेल तर बीसीजीची लस टोचणं. हमी मात्र एकाचीही नाही. काही चपट्या, शांत गाठी तर डॉक्टर मुद्दाम तशाच ठेवतात आणि लक्ष ठेवायला सांगतात. ‘काहीच केलं नाही’ म्हणून मालक नाराज होतो खरा, पण ते न करणंही जाणत्यानं ठरवलेलं असतं. मैनाची गाठ भूल देऊन काढली, तळ गोठवला. पुढे कडेला एक बारीक दाणा परत आला, तो मोठा होण्याआधीच टोचून बसवला. आता तंगाची जागा बदलली आहे, खाली मेंढीच्या कातड्याचा पट्टा असतो, आणि घोडी वरातीत नाचते.

खरी पंचाईत अशी, की लाल, ओलं, वाढणारं मांस म्हणजे दर वेळी सारकॉइडच असतं असंही नाही. गुडघ्याखालच्या जखमेत घोड्याला नुसतं वाढीव मांस येतं. त्यात संवेदनेच्या नसा नसतात, त्यामुळे डॉक्टर ते छाटतात तेव्हा दुखत नाही. रक्त मात्र भरपूर येतं, म्हणून घरी पाती चालवायची नाही. दुसरी ‘बरसाती’. जुने सईस हे नाव बरोबर वापरतात. घोड्याच्या पोटातल्या एका जंताच्या अळ्या लिदीतून माशीच्या पोटात जातात आणि माशी त्या ओल्या जागी सोडते: डोळ्याचा कोपरा, ओठ, लिंगाची पिशवी, कुठलीही उघडी जखम. जखम खाजते, भरत नाही, आणि नीट पाहिलं तर आत पिवळे कडक कण दिसतात. थंडीत ती बसते, मालक सुटकेचा श्वास सोडतो, पुढच्या पावसात पुन्हा हजर. हिच्यावर मलमं थापून भागत नाही. जंताचं औषध वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून द्यायचं आणि लीद रोज उचलून पागेपासून लांब टाकायची. मला विचाराल तर आपल्याकडच्या पागांचे निम्मे कातडीचे रोग उकिरडा दाराशी असल्यामुळे आहेत.

शिंगरांच्या नाकपुड्यांवर आणि ओठांवर पांढुरक्या बारीक चामखिळींचं पीक येतं, त्याला मात्र घाबरू नका. तो घोड्याचाच वेगळा विषाणू, आणि काही महिन्यांत शिंगराचं अंगच त्याचा बंदोबस्त करतं. तोवर मालक होमिओपॅथीचं थुजा पाजत असतो आणि श्रेय थुजाला मिळतं.

आता सारंगखेड्याचं बोलतो. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या त्या बाजारात लोक घोडा किती बारकाईनं पाहतात! देवमण हा शुभ भोवरा आहे का, बाकीचे भोवरे कुठं कुठं, कान जुळतात का, टाप पडते कशी. शेपूट वर करून बघणारा मात्र क्वचित. पांढरा घोडा घेताना तेच आधी करा. पांढऱ्यात दोन जाती वेगळ्या समजून घ्यायच्या. नुकरा जन्मतः पांढरा, कातडी गुलाबी. सबजा जन्मतो काळा किंवा तांबूस, वयाबरोबर पांढरा होतो. त्याची कातडी आतून काळी. सबज्याला शेपटीखाली, गुदद्वाराभोवती, ओठांत, जबड्यामागे काळ्या, टणक, बिनदुखऱ्या गाठी येतात. हा मेलॅनोमा. पंधराच्या पुढच्या सबज्यांपैकी सुमारे 80 टक्क्यांना तो होतो. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 साली दाखवून दिलं की रंग पांढरा करणारा जनुकातला फेरफार आणि या गाठींची ओढ ही एकाच मुळाची आहेत. बऱ्याच गाठी वर्षानुवर्षं संथ राहतात. पण वाढून लीद अडवतील इतक्या झाल्या की शस्त्रक्रिया अवघड होते, म्हणून लहान असतानाच डॉक्टरांना दाखवलेल्या बऱ्या. नुकऱ्याची काळजी वेगळी: त्याचं नाक उन्हानं भाजतं, आणि पापण्यांच्या कडेला किंवा लिंगाच्या पिशवीत न भरणारी जखम दिसली तर तो कातडीचा कर्करोग असू शकतो. तिथं ‘बघू पुढच्या महिन्यात’ नाही.

केसांच्या तक्रारी गाठींपेक्षा साध्या, पण जास्त बिघडवल्या जातात. आम्ही मावळात राहतो; जूनपासून सप्टेंबरपर्यंत अंग पूर्ण सुकत नाही. पाठीवर आणि पुठ्ठ्यांवर बारीक खपल्या येतात, आणि खपली उचलली की केसांचा पुंजका मुळासकट हातात येतो, खाली ओलसर गुलाबी कातडी. हा ओलीत वाढणाऱ्या जिवाणूचा रोग. लोक त्यावर करंजाचं तेल चोपडतात, काही महाभाग गाडीचं जळकं ऑइल. तेलानं ओल आत कोंडते आणि जिवाणूची सोय होते. जळक्या ऑइलनं कातडी भाजते, शिवाय घोडा ते चाटतो. हवं असतं कोरडं छप्पर. डॉक्टरांनी दिलेल्या जंतुनाशकानं अंग धुवायचं, फेस दहा मिनिटं तसाच ठेवायचा, नरमलेल्या खपल्या काढायच्या, अंग पुसून कोरडं करायचं. कोरड्या खपल्या खरवडू नका, घोडा लाथ मारेल आणि त्याचं चुकणार नाही. ओली झूल अंगावर ठेवणं तर निव्वळ रोगाला निमंत्रण.

गोल गोल टक्कल पडत चाललं तर नायट्याचा संशय घ्या. तो खराऱ्यातून, खोगिरातून पसरतो. लग्नसराईत एकच जरीचा साज चार गावच्या घोड्यांवर चढतो, आणि महिन्याभरात चारही पागांत चट्टे. खरारा करणाऱ्या पोराच्या दंडावरही उठतात. प्रत्येक घोड्याचा खरारा वेगळा ठेवा. भाड्यानं आणलेला साज आधी धुवा, उन्हात टाका. आयाळ आणि शेपटीचं मूळ घासून घासून झिजलं असेल तर ते बहुतेक चिलटांचं काम. ती पहाटे आणि तिन्हीसांजेला चावतात, आणि उडायला इतकी दुबळी असतात की पागेतला साधा पंखाही त्यांना पुरतो.

खाज नाही, खपली नाही, तरी आयाळ-शेपूट झडत असेल तर गवाणीत पाहा. बांधावरचा सुबाभूळ कापून टाकत असाल तर कारण सापडलं. त्यातलं मिमोसिन घोड्याचे लांब केस झडवतं. शेळ्या तो पाला मजेत खातात, म्हणून कुणाला शंका येत नाही. पाला बंद केला की केस परत येतात.

गोचिडांसाठी दुकानात सहज मिळणारं अमिट्राझ हे गाईम्हशींचं औषध. घोड्याच्या अंगावर ते कधीच टाकू नका. त्यानं आतडी मंदावतात, लीद अडते, पोटशूळ उठतो आणि घोडा जाऊ शकतो. दुकानदार ‘सगळ्या जनावरांना चालतं’ म्हणाला, तरी बाटली परत करा.

एका बाबतीत मात्र रात्रही जाऊ देऊ नका. पायाच्या आतल्या बाजूनं ओळीनं गाठी उठल्या, फुटून मधासारखा चिकट पू येऊ लागला, सोबत ताप किंवा नाकातून घट्ट स्राव असेल, तर तो ग्लँडर्स असू शकतो. हा माणसालाही होतो आणि माणूस त्यानं मरतो. उघड्या हातानं जखम धुऊ नका, घोडा वेगळा बांधा, त्याची बादली कुणाला देऊ नका आणि थेट सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 2009 च्या कायद्यानं ते कळवणं बंधनकारक आहे. रक्त तपासणीला हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जातं. रोग पक्का झाला तर जनावर ठेवता येत नाही, मालकाला भरपाई मिळते. भीतीपोटी रातोरात घोडा विकणारे असतात, आणि रोग दुसऱ्या पागेत जातो तो तसाच. म्हणून बाजारातून आणलेलं जनावर काही आठवडे स्वतंत्र बांधायचं आणि तपासणीचा कागद मागायला लाजायचं नाही.

हा रोग आणि नुकऱ्याची न भरणारी जखम सोडली, तर बाकी गाठींसाठी वेळ असतो. दिसली त्या दिवशी शेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढा, तारखेसह ठेवा, महिन्यानं त्याच अंतरावरून पुन्हा काढा. डॉक्टरांना फोन कराल तेव्हा कधी आली, खाजते का, कुठल्या ऋतूत वाढते आणि आधी काय काय लावलं, हे सांगा. चुना लावला असेल तर तेही सांगा. ते रागावतील, पण निदान त्यावरच फिरतं. गावचे डॉक्टर गाईम्हशींत मुरलेले असतात, घोड्याचा अनुभव कमी असला तर ते स्वतःच तसं म्हणतात. मग परळचं किंवा शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठायचं. टेंपो ठरवण्याआधी फोटो पाठवून विचारा. निम्म्या वेळा घोडा न्यावाही लागत नाही.