क्षयरोगाची जलद तपासणी : भरवसा किती ठेवावा ?

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांच्या हिंगोली जिल्ह्यातून अनेक कुटुंबे हंगामी कामासाठी बाहेरगावी जातात. अशा कुटुंबातील क्षयरुग्णाचा अहवाल येण्यास महिना-दीड महिना लागला, तर रुग्ण तोवर दूर गेलेला असतो. त्याच्या शरीरातील जंतू औषधांना दाद देत नसतील, तर धोका अधिकच वाढतो. म्हणून काही तासांत निदान करणाऱ्या तपासण्यांना महत्त्व आले आहे. त्यांच्या अहवालावर किती विसंबावे, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनीही जाणून घेणे अगत्याचे आहे.

तपासणीचे स्वरूप

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्यासाठी थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे दहा हजार जंतू असावे लागतात. जंतू वाढवून पाहण्यास काही आठवडे जातात. सीबीनॅट यंत्र मात्र रिफाम्पिसिन या प्रमुख औषधाशी निगडित जनुकाचा छोटासा भाग सुमारे दोन तासांत तपासते. त्यात विशिष्ट बदल आढळल्यास जंतू औषधाला प्रतिरोधी मानले जातात. जागतिक आरोग्य संघटनेने या तपासणीस २०१० मध्ये मान्यता दिली. गोव्यातील मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट तपासणीस ही मान्यता २०२० मध्ये मिळाली. ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालत असल्याने लहान आरोग्य केंद्रांनाही ते सोयीचे ठरते.

आकडे काय सांगतात

मुंबईसह चार देशांतील पाच केंद्रांत १,७३० व्यक्तींवर झालेला सीबीनॅटचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात रिफाम्पिसिनला प्रतिरोधी असलेल्या २०५ रुग्णांपैकी २०० अचूक ओळखले गेले. औषधाला दाद देणाऱ्या ५१४ पैकी १० जणांना मात्र चुकीने प्रतिरोधी ठरविले गेले. सूक्ष्मदर्शकाखाली ज्यांचे जंतू दिसले नव्हते, अशा १७१ क्षयरुग्णांपैकी १२४ जणांचाच रोग एका तपासणीत सापडला.

शंभरात दोन चुका क्षुल्लक वाटतील. पण हिशेब करून पाहावा. हजार नव्या रुग्णांत ३० खरे प्रतिरोधी आहेत असे धरू. त्यांपैकी सुमारे २९ सापडतील. उरलेल्या ९७० पैकी सुमारे १९ जण विनाकारण प्रतिरोधी ठरतील. म्हणजे अशा ४८ अहवालांपैकी १९ चुकीचे. म्हणूनच प्रतिरोधाची शक्यता कमी असलेल्या रुग्णाचा अहवाल तसा आल्यास नव्या नमुन्याची पुन्हा तपासणी करावी लागते. पूर्वी उपचार घेतलेल्या किंवा प्रतिरोधी रुग्णाच्या सहवासातील व्यक्तीच्या बाबतीत तोच अहवाल अधिक विश्वसनीय ठरतो.

उलट चूकही संभवते. जनुकाच्या तपासलेल्या भागाबाहेरील बदल सीबीनॅटला दिसत नाही. आफ्रिकेतील इस्वातिनी देशात असे प्रतिरोधी जंतू मोठ्या प्रमाणात आढळले. ही मूळ तपासणी आयसोनियाझिड या दुसऱ्या प्रमुख औषधाविषयी काहीच सांगत नाही. त्यासाठी निराळी तपासणी करावी लागते.

गावाने घ्यावयाची दक्षता

नमुना लाळेचा नसून खोल खोकून काढलेल्या बेडक्याचा असावा. मृत जंतूंचे अवशेषही यंत्रास सापडतात. म्हणून उपचार लागू पडत आहेत की नाहीत, हे या तपासणीवरून ठरवीत नाहीत. दुसरा नमुना मागितला गेल्यास रुग्णाची टाळाटाळ होऊ नये, यासाठी सरपंच, शिक्षक व आशा कार्यकर्ती यांनी त्यास धीर द्यावा. चुकीच्या अहवालाने एखाद्याच्या माथी दीर्घ व त्रासदायक उपचार येतात, तर दुसऱ्याचा रोग निसटून घरभर पसरतो. दुसऱ्या तपासणीसाठी पडणारी एक खेप ही दोन्ही संकटे टाळू शकते.