दमा : शिट्टी थांबली, पण सूज गेली का?



धानाची चुरणी सुरू झाली की आपल्या बालाघाटकडच्या गावांत दमेकऱ्यांचे हाल सुरू होतात. खळ्यावरची धूळ, दमट तणसावरची बुरशी, त्यात पहाटेची थंडी. छातीत शिट्टी वाजते, पंप घेतला की ती थांबते. मग माणूस समजतो, बरे झाले, आणि औषध बंद करतो. पुष्कळ घरांत नुकसान होते ते इथेच.

दम्यात दोन गोष्टी घडतात. श्वासनलिकांचे स्नायू आवळतात आणि नलिकांच्या आतल्या अस्तराला सूज येते. नेहमीचा निळा पंप आवळलेले स्नायू सैल करतो, सुजेला हात लावत नाही. सूज कमी करणारे औषध वेगळे असते. ते आत ओढून घेण्याचे स्टिरॉईड होय, आणि ते बरे वाटत असतानाही डॉक्टरांनी सांगितले असेल तसे घ्यावे लागते.

सूज डोळ्यांना दिसत नाही. तिचा अंदाज श्वासावरून घेता येतो. स्वीडनमधील संशोधकांना १९९१ मध्ये माणसाच्या उच्छ्वासात नायट्रिक ऑक्साईड हा वायू सापडला. युरियातून आपण पिकाला जे नत्र देतो, त्याचा एक अणू आणि प्राणवायूचा एक अणू मिळून हा वायू होतो. १९९३ मध्ये असे दिसले की दमेकऱ्यांच्या श्वासात तो जास्त असतो. ॲलर्जीच्या प्रकारची सूज असली की नलिकांचे अस्तर तो अधिक तयार करते.

तपासणी सोपी आहे. सुई नाही, रक्त नाही. खोल श्वास घ्यायचा आणि यंत्राच्या नळीत सुमारे दहा सेकंद संथ, एकसारखा सोडायचा. जोराने फुंकायचे नाही. जोराने फुंकण्याची स्पायरोमेट्री ही निराळी तपासणी, ती नंतर करतात. श्वासाच्या एक अब्ज भागांत या वायूचे किती भाग आहेत, तो आकडा येतो. मोठ्या माणसांत २५ पेक्षा कमी असला तर अशी सूज बहुधा नाही, ५० पेक्षा जास्त असला तर बहुधा आहे. बारा वर्षांखालील मुलांसाठी हेच आकडे २० आणि ३५ आहेत. मधला आकडा आला तर डॉक्टर बाकीची लक्षणे पाहून ठरवतात.

तपासणीच्या आधी पालक किंवा बीट खाल्ले तर आकडा वाढू शकतो. विडी ओढणाऱ्याचा आकडा उलट कमी येतो, म्हणून विडीवाल्याने खूश होऊ नये! केवळ या आकड्यावरून दमा आहे की नाही हेही ठरत नाही. कमी आकड्याचा दमाही असतो, आणि नाकाच्या ॲलर्जीनेही आकडा चढतो.

उपयोग खरा होतो तो औषध चालू असताना. स्टिरॉईडचा पंप नियमित घेतला की आकडा उतरतो. उतरला नाही तर डॉक्टर विचारतात : पंप रोज घेता का? ओढण्याची रीत बरोबर आहे का? घरात चुलीचा धूर आहे का? आकडा उतरला म्हणून पंप आपल्या मनाने सोडू नये. तो पंपामुळेच उतरलेला असतो.

पंपाची सवय लागते, ही आपल्याकडची जुनी भीती. दारू नव्हे ती! औषध थेट फुप्फुसात जाते, म्हणून ते गोळीपेक्षा फार थोडे लागते. पंपानंतर चूळ भरून थुंकावी, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. पुणे धरून देशातील नऊ केंद्रांच्या पाहणीत (२०२२ मध्ये प्रसिद्ध) दमा आहे असे ठाऊक असलेल्यांतही रोज असा पंप घेणारे दहा टक्क्यांहून कमी निघाले.

हे यंत्र मोठ्या शहरांतील छातीच्या डॉक्टरांकडे असते. ते जवळ नसले तरी अडून बसू नये. फुंकर मोजण्याची पीक फ्लो नावाची साधी नळी मिळते. रोज सकाळी व संध्याकाळी फुंकून आकडा वहीत लिहावा आणि वही डॉक्टरांना दाखवावी. पंपही सोबत न्यावा, त्यांच्यासमोर घेऊन दाखवावा. चुरणीच्या वेळी दमेकऱ्याने नाकातोंडाला फडके बांधून वारा येतो त्या बाजूला उभे राहावे. तणस रचण्याचे काम घरातल्या दुसऱ्याने करावे. एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळे पडू लागले तर निळा पंप देत देत तडक इस्पितळ गाठावे, सकाळची वाट पाहू नये.