समाजशास्त्र : व्यावहारिक मोल आणि सामाजिक प्रयोजन

एखादी कल्याणकारी योजना अपेक्षित फळ देत नाही, तेव्हा लोकांच्या अज्ञानाकडे आणि रूढिप्रियतेकडे बोट दाखविणे सोपे असते. योजना आखताना लोकजीवनाची पुरेशी ओळख करून घेतली होती काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो विचारावयास लावणे आणि त्याचे उत्तर अनुमानाने नव्हे, तर प्रत्यक्ष पाहणीने शोधणे, यातच समाजशास्त्राचे व्यावहारिक मोल सामावलेले आहे.

इंदूरचा धडा

मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस हे नगररचनाकार म्हणून ख्यातनाम होते. तत्पूर्वी त्यांनी होळकरांच्या इंदूर दरबारासाठी नगरविकासाचा अहवाल तयार केला. तो १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या दिवसांत शहरावर प्लेगची छाया होती. नकाशे घेऊन गल्लीबोळांतून हिंडणारा हा परका साहेबच प्लेग आणतो, अशी लोकांची समजूत झाली होती.

अशा वेळी केवळ हुकूम सोडून स्वच्छता साधली नसती. गेडिस यांनी दरबाराच्या संमतीने दिवाळीच्या मिरवणुकीची योजना केली. ज्या रस्त्यावर सर्वाधिक घरे झाडूनपुसून दुरुस्त केलेली आढळतील, त्याच रस्त्याने मिरवणूक जाईल, असे जाहीर झाले. आळीआळीत चढाओढ लागली आणि कचऱ्याच्या हजारो गाड्या शहराबाहेर गेल्या. मिरवणुकीत लक्ष्मी होती, त्याचबरोबर पांढऱ्याशुभ्र पोशाखातील सफाई कामगारही सन्मानाने चालत होते. अखेरीस घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांच्या प्रतिमा जाळण्यात आल्या. लोकांच्या श्रद्धा, सण आणि मानापमानाच्या कल्पना या सुधारणेच्या मार्गातील धोंडी नसून, त्या जाणून घेतल्यास सुधारणेची साधनेही होऊ शकतात, हे इंदूरने दाखवून दिले.

लाभ कोणाच्या पदरी?

समाजशास्त्राचे दुसरे कार्य योजनेच्या परिणामांची निःपक्षपाती तपासणी करणे हे होय. सामूहिक विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाला. हैदराबादजवळच्या शामीरपेट गावाचा अभ्यास करणारे श्यामाचरण दुबे यांनी पुढे उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात या कार्यक्रमाची पाहणी केली आणि १९५८ मध्ये निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. विकासाचा लाभ मुख्यतः सधन शेतकऱ्यांच्या पदरी पडत होता. श्रमदानाने रस्ते झाले, पण त्यांचा उपयोग गाडीबैल असणाऱ्यांना अधिक झाला. देखरेखीचा मानही त्यांनाच मिळाला. भूमिहीन मजुराची मात्र त्या दिवसाची मजुरी बुडाली. बांधलेल्या रस्त्याची लांबी मोजणाऱ्या अहवालात ही बुडालेली मजुरी दिसत नाही.

कायदा आणि उंबरठा

संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने तिचे आचरण दंडनीय ठरविले. परंतु कायदा गावात कुठवर पोहोचला? बडोद्याच्या विद्यापीठाशी दीर्घकाळ संबंधित असलेले आय. पी. देसाई यांनी ग्रामीण गुजरातमधील अस्पृश्यतेचा अभ्यास १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. शाळा, टपाल कचेरी, प्रवासी गाडी अशा सार्वजनिक व्यवहारांत विटाळ पुष्कळसा ओसरला होता. घराच्या आणि मंदिराच्या उंबरठ्यावर मात्र तो ठाण मांडून होता. केवळ शाळेचा हजेरीपट पाहून समाधान मानणाऱ्यास हा भेद कळला नसता. आजार कोठे दडला आहे हे समजल्याशिवाय उपचाराची दिशा ठरत नाही.

समाजशास्त्र स्वतः विहीर खणत नाही किंवा रस्ता बांधीत नाही. विहिरीवर पाणी भरण्यास कोण येतो आणि कोण दूर उभा राहतो, हे ते दाखविते. अधिकारी, शिक्षक आणि ग्रामसेवक यांनी ही दृष्टी अंगी बाणविली, तर आकड्यांमागील माणूस त्यांच्या नजरेतून सुटणार नाही. जो दूर उभा आहे त्याच्यापर्यंत पाणी पोहोचावे, हेच या शास्त्राचे सामाजिक प्रयोजन होय.