मुलाच्या शेजारी बसा

गेल्या पावसाळ्यात एक अकरा वर्षांचा मुलगा पोटदुखीसाठी माझ्याकडे आला. दुखणं दोन महिन्यांचं, बेंबीभोवती, बहुतेक सकाळी शाळेच्या वेळेला. रक्त, लघवी तपासून झालेली, सोनोग्राफीही झालेली. सगळं नॉर्मल. वडील नाशिकच्या अंबड एमआयडीसीत कामाला, आठवड्याला शिफ्ट बदलते. तपासता तपासता मी मुलाला सहज विचारलं, "घरी पप्पांशी काय गप्पा होतात?" तो वडिलांकडे एकदा पाहून म्हणाला, "पप्पा विचारतात, अभ्यास झाला का. मी हो म्हणतो." आणि मग? "मग काही नाही."

वडिलांचा चेहरा उतरला. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. रात्रपाळी करून आलेला माणूस पोरावर माया करत नाही असं कुणी म्हणू नये. त्याच्याजवळ प्रश्नच तेवढा एक उरलेला असतो.

आधी पोटाबद्दल. शाळकरी मुलांमध्ये वारंवार पोट दुखतं, तपासण्यांत काही सापडत नाही, असे रुग्ण आम्ही बालरोगतज्ज्ञ दर आठवड्याला पाहतो. मूल नाटक करत नसतं. आतडं आणि मेंदू यांचं जाळं एकमेकांत गुंतलेलं आहे. ताण असला की आतड्याच्या साध्या हालचालीही दुखू लागतात. मात्र काही खुणा दिसल्या तर 'मनाचं आहे' म्हणून सोडून देऊ नका. पोटदुखीनं मूल रात्री झोपेतून उठतं, वजन घटतंय, शौचातून रक्त जातंय, ताप राहतोय, उलट्या थांबत नाहीत किंवा हिरव्या होतायत, दुखणं बेंबीपासून सरकून उजव्या बाजूला खाली जातंय, तर लगेच डॉक्टरांकडे या. सकाळी उठताच डोकं दुखून उलटी होत असेल तरीही.

या मुलाला यातलं काही नव्हतं. वडील बोलत नाहीत म्हणून पोट दुखतं, असंही मी म्हणत नाही. शाळेत एका विषयाची धास्ती होती, ते नंतर कळलं. पण ते कळायला तीन आठवडे लागले, आणि कळलं ते माझ्या तपासणीच्या खोलीत नव्हे, त्यांच्या घराच्या खिडकीपाशी. त्या दिवशी चिठ्ठीवर मी लिहिलं होतं: एक कुंडी, चार कडधान्याचे दाणे, रोज एक फोटो.

ही कल्पना माझी नाही. आपल्या त्र्यंबकेश्वरात 1870 साली जन्मलेल्या धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांची आहे. 1912 मध्ये दादासाहेब लंडनहून कॅमेरा घेऊन परतले. चित्रपट काढायला पैसा हवा होता आणि कुणाचा विश्वास बसत नव्हता. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर थोडं थोडं चित्रण केलं. अंकुर फुटतो, वर येतो, वेल होतो, हे सगळं मिनिटाभरात पडद्यावर दिसलं. घरात मुलं होती. कुंडीतून महिनाभर काय उगवतंय, हे त्या घरात कुणी पाहिलं नसेल असं मला वाटत नाही.

त्याच्याही आधीची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. 1911 च्या एप्रिलमध्ये फाळके थोरल्या मुलाला, भालचंद्रला, घेऊन गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. पडद्यावर जनावरं हलताना पाहून मुलगा थक्क झाला, घरी येऊन आईला सांगू लागला. कुणाला खरं वाटेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं घर चित्रपटाला गेलं. ईस्टरचे दिवस होते, त्यामुळे त्या दिवशी येशूच्या जीवनावरचा चित्रपट लागला होता. तिथूनच त्यांना स्वतः चित्रपट काढायचा ध्यास लागला. बाप आणि लेक शेजारी शेजारी बसले होते आणि त्या अंधारात दोघंही सारखेच नवखे होते. मला वडिलांना नेमकं हेच सांगायचं आहे. तुम्हाला येणारी गोष्ट मुलाला शिकवायला बसलात की घरात आणखी एक शिकवणी सुरू होते. तुम्हालाही न येणारी गोष्ट निवडा.

शेजारी बसण्याला वैद्यकीय अर्थही आहे. समोरासमोर बसून "काय झालं सांग" म्हटलं की दहा-बारा वर्षांचं मूल आक्रसतं. त्याला ती उलटतपासणी वाटते. हात कामात आणि नजर तिसऱ्याच वस्तूवर असली की तेच मूल आपणहून बोलतं. सायकलची चेन बसवताना, पतंगाला मंगळसूत्र बांधताना, भाजी निवडताना. पौगंडावस्थेतल्या मुलांशी तर मी स्वतःही असंच बोलतो. उंची मोजताना, वजनकाट्यावर उभं करताना दोन वाक्यं मिळतात, ती खुर्चीत बसवून मिळत नाहीत.

आता जरा डोळ्यांकडे येतो, कारण छंद घराबाहेरचा असला तर त्यांचाही फायदा होतो. नाशिकच्या शाळांमधली चष्मेवाल्या मुलांची संख्या पालकांनाच दिसते आहे. जवळचं दिसतं, लांबचं दिसत नाही, असा हा नंबर डोळ्याचा गोळा लांबल्यामुळे येतो. उघड्यावरच्या उजेडात डोळ्याच्या पडद्यातून डोपामिन स्रवतं आणि ते ही लांबी वाढू देत नाही, असं आजवरच्या अभ्यासांतून समोर आलं आहे. घरातल्या दिव्याखाली तीनशे ते पाचशे लक्स उजेड असतो, बाहेर झाडाच्या सावलीतही हजारो लक्स मिळतो. म्हणून मुलांनी दिवसाला सुमारे दोन तास बाहेर काढावेत. सूर्याकडे बघायचं नाही, नुसतं बाहेर असायचं. आधीच आलेला नंबर यानं उतरत नाही, पण नवा येण्याची शक्यता कमी होते. फाळक्यांनीही चित्रपटाच्या ध्यासात रोज चार-पाच तास चित्रपट पाहून आणि झोप न घेऊन डोळ्यांचे इतके हाल केले की काही काळ दृष्टीच गेली होती, असं सांगतात. डॉ. प्रभाकर नावाच्या डॉक्टरांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांनी ती परत आली. छंदासाठीही पुरेशी झोप हवी, हे मोठ्यांनीही लक्षात ठेवावं.

दोन तास कुठून आणायचे, हा प्रश्न शिफ्टवाल्या वडिलांनी मला पुष्कळदा विचारला आहे. रोजचे दोन तास तुमच्याबरोबरच जायला हवेत असं नाही. शाळेचं मैदान, गल्लीतला खेळ, सगळं धरायचं. तुमच्या वाट्याला रोजची दहा मिनिटं आणि आठवड्यातली एक सकाळ आली तरी मला चालेल. ती सकाळ मात्र ठरलेली असू द्या. दर रविवारचं ठरवून दोनदा मोडण्यापेक्षा महिन्यातून एकदाचं ठरवून पाळलेलं मुलाला जास्त भरवशाचं वाटतं.

नाशिककरांना जागांची वाण नाही. पांडवलेणीच्या पायऱ्या आहेत, पायथ्याशी फाळके स्मारक आहे. रामशेज किल्ला लहान मुलांनाही चढता येतो. हिवाळ्यात निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला जा. गोदावरी आणि कादवाच्या संगमावरचं हे पाणथळ 2020 च्या जानेवारीत राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ, ठरलं. पहाटे निघा, एक दुर्बीण दोघांत घ्या. एकच असली की ती आळीपाळीनं द्यावी लागते, आणि ज्याच्या हातात नाही त्याला दुसऱ्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा लागतो. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पक्षी दिसला तर मुलाला त्याचं मराठी नाव सांगा: वारकरी. माझ्या मुलीनं हे नाव ऐकल्यावर तिसरीत असताना आख्खी वही त्याच पक्ष्यानं भरली होती.

सायकलचं तर हे शहर आहे. महाजन बंधू, दोघेही इथलेच डॉक्टर, 2015 मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' सांघिक गटात पूर्ण करणारा पहिला भारतीय संघ ठरले. एवढं कुणाला करायचं नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज साठ मिनिटांची दमवणारी हालचाल लागते आणि मोठ्यांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं. पोराबरोबर सायकल काढली की दोघांचा हिशेब एकाच फेरीत होतो. चाळिशीतल्या ज्या वडिलांना मी रक्तदाबासाठी चालायला सांगतो आणि जे चालत नाहीत, तेच पोरासाठी सहाला उठतात, हे मी पाहिलेलं आहे. हेल्मेट मात्र दोघांच्याही डोक्यावर हवं. बापाच्या डोक्यावर नसलं तर पोराच्या डोक्यावर ते टिकत नाही. काळजी पतंगातही हवी. संक्रांतीला तो उडवायचा तर साधा सुती दोरा घ्या. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्येच बंदी घातली आहे, आणि त्यानं चिरलेले गळे आम्ही डॉक्टरांनी शिवलेले आहेत. गच्चीला कठडा नसेल तर मैदानात जा.

एक गोष्ट मला फाळक्यांवर प्रेम असूनही लिहावी लागेल. त्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटात हरिश्चंद्राच्या मुलाचा, रोहिदासाचा, मृत्यू दाखवायचा होता, म्हणून कुणी आपला मुलगा देईना. शेवटी भालचंद्रच रोहिदास झाला. चित्रणाच्या काळात तो खेळताना दगडावर पडला, डोक्याला खोक पडली, शुद्ध हरपली, आणि प्रसंग नेमका मृत रोहिदासाचा असल्यानं चित्रण तसंच पुरं केलं, अशी हकिकत सांगतात. लोक ती कौतुकानं सांगतात. मला डॉक्टर म्हणून ती ऐकवत नाही. डोक्याला मार लागून मूल क्षणभर जरी बेशुद्ध झालं, नंतर वारंवार उलट्या झाल्या, झोपाळू झालं, आकडी आली, नाकाकानातून पाणी किंवा रक्त आलं, तर हातातलं सगळं टाकून रुग्णालय गाठायचं. आणि त्याआधीच स्वतःला विचारायचं: हा छंद आता आम्हा दोघांचा आहे, की माझ्या हौसेसाठी पोरगं राबतंय? बुद्धिबळात, क्रिकेटमध्ये, ट्रेकमध्येही हे होतं. रविवारी सकाळीच मुलाचं पोट दुखायला लागलं तर उत्तर मिळालं असं समजा, आणि छंद बदला. त्याचा राग धरू नका.

मुलींना यातून वगळू नका, हेही सांगायला हवं, कारण वगळलं जातं. सायकल दुरुस्त करायला मुलाला हाक जाते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, 1919 मध्ये, सात वर्षांच्या मंदाकिनीला फाळक्यांनी 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण केलं. चित्रपटाच्या सुरुवातीलाच तिच्या चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव दिसतात. ते पाहताना मला कॅमेऱ्यामागचा बाप दिसतो. त्यानं लेकीच्या चेहऱ्याकडे किती वेळ आणि किती बारकाईनं पाहिलं असेल!

आणि घरातल्या आईचं काय? सरस्वतीबाई फाळके चित्रपटाच्या फिती धूत होत्या, चित्रणावेळी पांढरी चादर धरून उभ्या राहत होत्या, सगळ्या माणसांचा स्वयंपाकही करत होत्या. बाप-लेकांचा छंद म्हणजे आईला आणखी डबे आणि आणखी धुणं, असं होऊ देऊ नका. पोहे तुम्हीच करा. तेही मुलाबरोबर करता येतं.

आता कुंडीचं. वाटाणे रात्रभर भिजवा, बोटाच्या एका पेराइतके खोल पेरा, कुंडी उजेडाच्या खिडकीत ठेवा. मोबाइल रोज त्याच जागी, त्याच वेळी. जागा खडूनं आखून ठेवा. रात्रपाळी असेल त्या आठवड्यात मुलानं फोटो काढायचा आणि तुम्ही सकाळी आल्यावर तो दोघांनी बघायचा. थंडीत वाटाणा उत्तम येतो. पावसाळ्यात, उन्हाळ्यात मूग किंवा मटकी घ्या. त्या अकरा वर्षांच्या मुलाच्या घरी मूग होते. पहिले चारही दाणे कुजले, पाणी जास्त झालं होतं. वडिलांना वाटलं पोरगं हिरमुसेल, म्हणून त्यांनी मला फोन करून विचारलं, दुसरे आणून गुपचूप पेरू का? मी म्हटलं, गुपचूप नको. दोघं मिळून उकरून बघा, काय झालं ते.