जुन्या इंजिनाची ओळख

दसऱ्याच्या दिवशी सायंकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात माणसांचा महापूर लोटतो. अंबाबाईची पालखी येते. सीमोल्लंघनाच्या सोहळ्यासाठी छत्रपतींच्या घराण्यातील मंडळी एका जुन्या मोटारीतून येतात. शमीपूजन होते, सोने लुटले जाते. पण कित्येक मुलांची दृष्टी त्या मोटारीवरच खिळलेली असते. तिला कोल्हापूरकर ‘मेबॅक’ म्हणतात. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात ती जर्मनीत तयार झाली.

जर्मन लोक या नावाचा उच्चार ‘मायबाख’ असा करतात. हे एका माणसाचे आडनाव आहे. विल्हेल्म मायबाख १८४६ साली जन्मला. दहाव्या वर्षी तो पोरका झाला आणि एका अनाथाश्रमात वाढला. तेथेच तो यंत्रविद्या शिकला व पुढे मोटारींच्या थोर रचनाकारांत गणला गेला. १९०९ साली त्याने व त्याचा मुलगा कार्ल याने आकाशात उडणाऱ्या प्रचंड वायुनौकांसाठी इंजिने बनविण्याचा कारखाना काढला. पुढे कार्लच्या देखरेखीखाली याच कारखान्यात मोटारी तयार होऊ लागल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या मोटारींची निर्मिती थांबली. पुढे हे नाव नव्या मोटारींना मिळाले, पण जुन्या मोटारीचे भाग बनविणारा तो कारखाना काही परत आला नाही.

अशा मोटारीचा एखादा भाग मोडला, तर तो बाजारात सहजासहजी मिळत नाही. म्हणून जुने इंजिन उघडणाऱ्याने हत्यार उचलण्यापूर्वी प्रत्येक भाग नीट ओळखला पाहिजे. एक भाग चुकीचा ओळखला आणि बळजबरीने बसविला, तर ऐंशी-नव्वद वर्षे चालत आलेले यंत्र क्षणात निकामी होऊ शकते. मग ती मोटार रस्त्यावर धावत नाही. ती केवळ पाहण्याची वस्तू होऊन राहते.

मग जुन्या इंजिनाची ओळख पटवावी तरी कशी?

असे समजा, की कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका कारखान्यात एक जुनी मोटार दुरुस्तीस आली आहे. वृद्ध मिस्त्री बॉनेट उघडतात. शेजारी बारा वर्षांचा नातू उभा आहे. इंजिनाच्या कुशीला लावलेल्या एका गोल भागाकडे बोट दाखवून तो म्हणतो, “आजोबा, हा डायनॅमो ना?”

आजोबा हसून म्हणतात, “नुसते रूप पाहू नकोस, बाळ. याच्या तारा कुठे जातात ते बघ.”

मुलगा तारांचा माग काढतो. चार जाड तारा निघून चार सिलिंडरांच्या डोक्यांवरील प्लगांपर्यंत गेलेल्या असतात. तेव्हा त्याच्या ध्यानात येते, की हा डायनॅमो नव्हे. डायनॅमो विजेची पेटी भरतो. त्याची तार त्या पेटीकडे जाते. हा मॅग्नेटो आहे. पेटीची मदत न घेता तो स्वतःच वीज निर्माण करतो आणि प्लगांना ठिणगी पुरवतो. दोघांचे रूप सारखे, पण काम वेगळे. भाग कसा दिसतो यापेक्षा तो कोठून काय घेतो आणि कोठे काय देतो, हे पाहणे ही ओळखीची पहिली पायरी होय.

याच रीतीने पेट्रोलच्या टाकीपासून निघालेल्या नळीचा माग घेतला, म्हणजे कार्बुरेटर सापडतो. पेट्रोल पातळ रूपात नीट जळत नाही. त्याचे सूक्ष्म तुषार करून ते हवेत मिसळावे लागते. अत्तरदाणीतून अत्तर उडते, तसेच हे काम. एक भार पेट्रोलला सुमारे पंधरा भार हवा लागते. बारीक छिद्रातून तुषार उडविणारा कार्बुरेटर मायबाखने १८९३ साली रचला. मोटारीच्या तोंडाशी जाळीदार रेडिएटर दिसतो, तोही त्याच्याच बुद्धीचे फळ. १९०० साली त्याने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यात ८०७० लहान नळ्या होत्या. नळ्यांतून वारा वाहे, त्यांच्या भोवतीच्या फटींतून पाणी खेळे आणि तापलेले पाणी लवकर निवे. जुन्या मोटारीचा रेडिएटर पाहताना त्या पोरक्या मुलाची आठवण अवश्य ठेवावी.

दुसरी पायरी खुणांची. इंजिनावर दोन प्रकारचे आकडे आढळतात. काही आकडे उठावाचे असतात, तर काही खोल ठोकलेले असतात. उठावाचे आकडे ओतकामाच्या वेळीच उमटतात. लाकडी नमुन्यावर ते कोरलेले असतात. वाळूच्या साच्यात त्यांचा ठसा पडतो आणि लोखंडाचा रस ओतला, की भागावर ते उठून दिसतात. म्हणून एका नमुन्यापासून ओतलेल्या सर्व भागांवर तेच आकडे असतात. ठोकलेला क्रमांक मात्र इंजिन तयार झाल्यावर छापतात. तो बहुधा त्या एकाच इंजिनाचा असतो. उठावाचा आकडा म्हणजे जणू कुळाचे नाव आणि ठोकलेला क्रमांक म्हणजे त्या व्यक्तीचे नाव. या दोहोंत गफलत झाली, तर एका यंत्राचा इतिहास दुसऱ्याच्या नावावर लागतो.

तिसरी पायरी मापाची. बोल्टचे आटे डोळ्यांना सारखेच दिसतात. परंतु इंग्लंडमध्ये व्हिटवर्थ याने १८४१ साली सुचविलेल्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा असतो आणि मेट्रिक आट्यांचा ६० अंशांचा. पाच-सोळांश इंची बोल्टची जाडी ७.९४ मिलिमीटर भरते. ८ मिलिमीटरच्या बोल्टशेजारी तो ठेवला, तर फरक कळतच नाही. तो जर्मन इंजिनाच्या भोकात घातला, तर एकदोन फेरे फिरतो आणि अडतो. तेथे अडाणी माणूस पान्ह्याला जोर लावतो आणि आटे कायमचे खरवडून टाकतो. जाणता माणूस थांबतो आणि मोजतो.

आणि भाग सर्वस्वी निकामी झाला असेल तर? येथे कोल्हापूरची ओतशाळा उपयोगी पडते. ऑइल इंजिने आणि ओतकाम यांसाठी हे शहर प्रसिद्ध झाले, ते अशाच हातांच्या बळावर. पण येथेही ओळख हवीच. मोडका भाग तसाच वाळूत दाबून साचा केला, तर नवा भाग लहान होतो. कारण बिडाचा रस निवताना सुमारे शेकडा एक इतका आकसतो. ३०० मिलिमीटरचा भाग २९७ मिलिमीटरचा उतरतो! म्हणून नमुना करणारा कारागीर आधीच माप वाढवून घेतो, आणि लेथवर जेवढे छिलायचे तेवढी जाडीही राखतो.

दसरा चौकातील मोटार पुढे सरकते, तेव्हा लोक तिच्या झळाळीकडे पाहतात. परंतु ती धावते, ती केवळ झळाळीने नव्हे. तारेचा माग घेणारे डोळे, खुणा वाचणारी बुद्धी आणि अडल्यावर जोर न लावता थांबणारा हात, यांच्या बळावर जुने यंत्र जिवंत राहते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरोघरी हत्यारे पूजली जातात. त्यांवर फूल वाहावेच. पण प्रत्येक वस्तू समजून घेऊन मगच तिला हात लावणे, ही त्या हत्यारांची खरी पूजा होय.

शब्दार्थ

सीमोल्लंघन : गावाची सीमा ओलांडणे. वायुनौका : हलक्या वायूच्या बळावर आकाशात तरंगणारे वाहन. बीड : ओतीव लोखंड. आटे : बोल्टवरील सर्पिल खाचा. गफलत : चूक, घोटाळा.

स्वाध्याय

१. मॅग्नेटो आणि डायनॅमो यांतील फरक मुलाला कसा कळला?

२. उठावाचे आकडे आणि ठोकलेला क्रमांक यांत कोणता भेद आहे?

३. मोडक्या भागावरूनच साचा केला, तर नवा भाग लहान का होतो?

४. ‘दृष्टी खिळणे’ व ‘माग काढणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.

५. घरातील सायकल किंवा शिवणयंत्र वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली पाहा. त्यावरील उठावाच्या व ठोकलेल्या खुणा शोधून वहीत टिपून ठेवा.