पुड्यावरचे अक्षर वाचा

मंडळी, आपण अक्षरे शिकलो. बाराखडी आली, अंक आले. एस.टी.ची पाटी वाचता येऊ लागली. अंगठा गेला, सही आली. आता या अक्षरांना आणखी एक काम लावू. दुकानातून आपण लेकरांसाठी खाऊचा पुडा आणतो. त्यावर काय लिहिले आहे, ते आज वाचू.

शिरड शहापूर हे औंढा नागनाथ तालुक्यातले गाव. इथल्या जैन मंदिरात मल्लिनाथांच्या दर्शनाला लांबून लोक येतात. या भागातल्या शिवारात हळद पिकते, सोयाबीन पिकते, तूर आणि ज्वारी पिकते. अशा गावातल्या एखाद्या घरातली सकाळ डोळ्यांपुढे आणू.

सून हळद काढायला निघाली आहे. उशीर झाला आहे. लेकरू रडत आहे. आजी पिशवीतून पाच रुपये काढते. म्हणते, “जा बाळा, पुडा आण.” लेकरू पुडा खाते. गप्प होते. दुपारी भाकर पुढे ठेवली, तर म्हणते, “मला भूक नाही.” टोपल्यातली भाकर तशीच राहते.

आजीची माया खरी आहे. पण त्या मायेचा हात भाकरीकडून पुड्याकडे वळला आहे.

त्याच आजीच्या पायाला काटा लागला. जखम लहान होती. पण महिना झाला तरी भरेना. दवाखान्यात रक्त तपासले. डॉक्टर म्हणाले, “आजी, तुम्हाला शुगर आहे.”

आजी म्हणाली, “मी कुठं गोडधोड खाते, साहेब? नुसता चहा घेते.”

आजी खोटे बोलत नव्हती. पण चहाचा हिशेब तिने कधी मांडला नव्हता. तो आपण मांडू.

एका कपात साखर २ चमचे. दिवसातून चहा ५ वेळा. ५ गुणिले २ म्हणजे १० चमचे. एक चमचा साखर ५ ग्रॅम धरू. म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम. महिन्याला ५० गुणिले ३०, म्हणजे १,५०० ग्रॅम. एकट्या आजीच्या चहात महिन्याला दीड किलो साखर!

आता किती साखर चालते ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली याचा दाखला घालून दिला. मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवावी. २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर अधिक चांगले. २५ ग्रॅम म्हणजे आपले ५ चमचे. यात गूळ, मध आणि सरबतही आले. “गूळ कितीही खाल्ला तरी चालतो,” असे काही जण म्हणतात. ते खरे नाही. गुळातही बहुतेक साखरच असते.

मग साखर शरीरात जाऊन करते काय?

आपण ज्वारीची भाकर खातो. ती चावावी लागते. तिच्यात कोंडा असतो. ती पोटात हळूहळू पचते. तिची साखर रक्तात थोडी थोडी उतरते. पाटाचे पाणी वाफ्यात सावकाश सोडावे, तसे.

थंड पेयातली साखर चावावी लागत नाही. ती लगेच रक्तात जाते. मैद्यातला कोंडा काढून टाकलेला असतो. म्हणून मैद्याचीही रक्तात लवकर साखर होते. एकदम पाणी सोडले की वाफा फुटतो. तसेच हे आहे.

पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव आहे. तो इन्सुलिन नावाचा रस रक्तात सोडतो. या रसामुळे रक्तातली साखर शरीराच्या कामी येते. वजन वाढले, पोट सुटले, हालचाल कमी झाली, की हा रस नीट काम करत नाही. साखर रक्तातच साचते. यालाच मधुमेह म्हणतात. आईबापांना असेल तर मुलांना होण्याचा धोका जास्त असतो. म्हणजे साखर हे एकच कारण नाही. पण जादा साखरेने वजन वाढते, आणि वजनाने धोका वाढतो. साचलेली साखर पुढे डोळे, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा बिघडवते. म्हणून आजीच्या पायाची जखम भरत नव्हती.

हा रोग शहरातल्या श्रीमंतांचा, असे पूर्वी म्हणत. आता तसे राहिले नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने देशभर पाहणी झाली. तिचे आकडे २०२३ साली छापून आले. भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, असे त्यात दिसले. त्यांत खेड्यातले लोकही आहेत.

आता पुडा हातात घेऊ.

पुडा फुगलेला दिसतो. आत बराचसा वायू असतो. म्हणून आकार पाहू नका, वजनाचा अंक वाचा. समजा, ५ रुपयांच्या पुड्यावर १२ ग्रॅम लिहिले आहे. मग किलोचा भाव किती पडला? ४०० रुपयांच्या वर! शेंगदाणे याच्या निम्म्याहून कमी भावात मिळतात.

नंतर घटक वाचा. जो पदार्थ सर्वांत जास्त, त्याचे नाव आधी लिहावे, असा नियम आहे. मैदा, तेल, साखर ही नावे पहिल्या तिनात दिसली, तर काय ते समजा. ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, कॉर्न सिरप, ही सगळी साखरेचीच भावंडे.

पुढे १०० ग्रॅममागे साखर किती, तो अंक असतो. थंड पेयाच्या बाटलीवर १०० मिलिलिटरमागे १० ग्रॅम असे असेल, तर २५० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम झाली. ५ चमचे! दिवसाची साखर एका बाटलीत संपली.

मिठाकडेही पाहा. मिठाने चवीची चटक लागते आणि रक्तदाब वाढतो. दिवसाला सगळे मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचा मीठ पुरे.

एक अडचण आहे. पुष्कळ पुड्यांवर मजकूर इंग्रजीत असतो. लाजू नका. शाळेत जाणाऱ्या पोराला म्हणा, “बाळा, हे वाचून दाखव.” पोराचा अभ्यास होईल आणि त्यालाही समजेल. अंक तर तुम्हालाही ओळखता येतील.

कारखान्यातले सारेच वाईट, असे आम्ही म्हणत नाही. दळण आणणे, दूध तापवणे, डाळ भरडणे, ही सुद्धा प्रक्रियाच आहे. साखर, मीठ, तेल भरपूर, आणि धान्याचा कस कमी, असे जे बनवतात, ते रोज खाऊ नये. टपरीवरची भजीही पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातली नको. सणावारी, जत्रेत थोडे खाल्ले तर काही बिघडत नाही. रोजची सवय बिघडवते.

मग लेकराला काय द्यावे? मूठभर फुटाणे आणि शेंगदाणे. अगदी लहान लेकराच्या घशात दाणा अडकतो, म्हणून त्याला कूट करून द्या. शिळ्या भाकरीचा ताकातला काला. धपाटे. उकडलेले अंडे. केळ, पेरू, बोरे. हंगामात हुरडा. यातले बरेचसे आपल्याच शिवारात आहे. भारताच्या मागणीवरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. ज्वारी त्यातलीच. जगाने जिला मान दिला, तिला आपण टोपल्यात का ठेवावे?

आजीने काय केले? चहा दोनदाच ठेवला, तोही बिनसाखरेचा. “पहिले आठ दिवस कडू लागला, मग जिभेला सवय झाली,” असे ती सांगते. डॉक्टरांच्या गोळ्या ती रोज घेते. पाय रोज धुऊन पाहते. अनवाणी फिरत नाही. जखम भरत आली आहे. आणि पाच रुपये? ते आता फुटाण्याला जातात.

लक्षात ठेवा

फार तहान लागणे, वारंवार लघवी होणे, वजन उतरणे, जखम न भरणे, पायाला मुंग्या येणे, ही मधुमेहाची लक्षणे आहेत. कित्येकांना काहीच लक्षण दिसत नाही. म्हणून वयाची तिशी झाली की प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. चालू असलेले औषध मनानेच बंद करू नका.

घरी करा

१. तुमच्या घरी महिन्याला साखर किती लागते? ती घरातल्या माणसांत वाटा. एकाच्या वाट्याला दिवसाला किती ग्रॅम आली?
२. एक रिकामा पुडा वर्गात आणा. त्यावरचे वजन आणि पहिले तीन घटक वहीत लिहा.
३. लेकराला देण्याजोगे, तुमच्या शिवारात मिळणारे पाच पदार्थ लिहा. त्यातला एक उद्याच द्या.