नातवंडांच्या भेटीला जर्मनीत : प्रवेशाचे नियम आणि डॉक्टरची चिठ्ठी

इंदूरच्या माणिकबाग राजवाड्याचा आराखडा बर्लिनच्या एकार्ट मुथेसिउस या वास्तुशिल्पकाराने काढला. महाराजा यशवंतराव होळकर (द्वितीय) यांच्यासाठी १९३०च्या दशकाच्या आरंभी ही वास्तू उभी राहिली आणि पुढे तिच्यात केंद्रीय उत्पादन शुल्क व सीमाशुल्क खात्याचे कार्यालय आले. जर्मनी आणि जकात यांची गाठ इंदुरात अशी जुनीच आहे. आज आपल्यापैकी कित्येकांची मुले जर्मनीत स्थिरावली आहेत. सुनेच्या किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी आजी-आजोबा निघतात आणि निघण्यापूर्वी आपल्या दवाखान्यात येऊन विचारतात, "डॉक्टरसाहेब, औषधे नेता येतील ना?" अनेक वर्षे मी "न्या की, त्यात काय!" असे सांगून मोकळा होत असे.

ते उत्तर किती अपुरे होते, हे एका रात्री कळले. माझ्याकडे अपस्माराचे उपचार घेणारी एक चार वर्षांची मुलगी आईसोबत वडिलांना भेटायला निघाली होती. तिच्या क्लोबाझामच्या गोळ्या मी नेहमीच्या कागदावर, नेहमीच्या अक्षरात, व्यापारी नावाने लिहून दिल्या होत्या. तेथील विमानतळावर अधिकाऱ्याने गोळ्यांविषयी विचारले. चिठ्ठी त्याला वाचता येईना, व्यापारी नाव ओळखता येईना. रात्री दीड वाजता मला फोन आला. मी उठून इंग्रजीत पत्र टंकलिखित करून पाठविले, तेव्हा तासाभराने मायलेकी बाहेर पडल्या. अपस्माराचे औषध एकाएकी तुटले तर काय ओढवते, हे या वाचकांना सांगायला नको. अधिकारी आपले कर्तव्य करीत होता. चूक माझ्या चिठ्ठीची होती.

व्हिसा आणि दिवसांचे गणित

जर्मनीसह २९ देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा चालतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. १५ दिवसांहून कमी अवधी उरला असता करू नये. जून २०२४ पासून शुल्क प्रौढांस ९० युरो, ६ ते १२ वर्षांखालील मुलांस ४५ युरो आहे. सहा वर्षांखालील बालकांस शुल्क नाही.

कोणत्याही १८० दिवसांत अधिकाधिक ९० दिवस राहता येते. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. व्हिसावरील वैधतेची मुदत आणि राहण्याचे दिवस हे दोन वेगळे आकडे आहेत. पुष्कळांची गफलत येथेच होते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांऐवजी चेहऱ्याचे छायाचित्र व बोटांचे ठसे संगणकात नोंदविण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली (१२ वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहीत). त्यामुळे एक दिवस जास्त राहिले तरी ते लपत नाही आणि पुढचा व्हिसा अडचणीत येतो. बाळंतपण लांबेल या हिशेबानेच जाण्याची तारीख ठरवावी. आजारपणामुळे परतणे खरोखर अशक्य झाल्यास, मुदत संपण्यापूर्वी तेथील परदेशी नागरिक कार्यालयात वैद्यकीय दाखल्यासह मुदतवाढ मागता येते.

किमान ३०,००० युरोंचा प्रवास-आरोग्य विमा बंधनकारक आहे. परंतु अनेक विम्यांत पूर्वीपासूनचे आजार वगळलेले असतात. मधुमेही, हृदयरोगी रुग्णास ते कलम आपल्यासमोर वाचायला लावावे.

लहान मूल एकाच पालकासोबत जात असेल, तर दुसऱ्या पालकाचे संमतिपत्र आणि जन्मदाखला सोबत हवा.

सामान : काय चालते, काय नाही

युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाने मांस व दुग्धजन्य पदार्थ आणणे निषिद्ध आहे. म्हणजे साजूक तूप, खवा, पेढे, श्रीखंड सर्व बाद. तुपातल्या घरगुती लाडवांचे भवितव्य तपासणाऱ्याच्या निर्णयावर. तेव्हा डिंक आणि खारीक न्यावी. लोणी तिकडे उत्तम मिळते, तूप तेथेच कढवावे आणि लाडू तेथेच वळावेत. सुनेला ताजे मिळतील. शेव आणि साधा चिवडा नेण्यास हरकत नाही. ताजा कढीपत्ता, आंबे, लिंबे यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. केळी, नारळ, अननस, खजूर व ड्युरियन ही पाच फळे तेवढी मोकळी आहेत.

तान्ह्या बाळाच्या दुधाची भुकटी, बालअन्न आणि वैद्यकीय कारणासाठी लागणारे विशेष अन्न मात्र माणशी दोन किलोपर्यंत नेता येते. ते मूळ बंद वेष्टनात आणि उघडेपर्यंत शीतकपाटाची गरज नसलेले असावे.

विमानाने जाणाऱ्या प्रौढास ४३० युरो किमतीपर्यंतच्या भेटवस्तू करमुक्त आहेत. बाळलेणी येथेच मोडतात, कारण ती तिकडेच राहणार. आजींच्या अंगावरचे, परत यायचे दागिने त्यात धरत नाहीत. १०,००० युरो वा अधिक रोकड असल्यास लेखी घोषणा करावी लागते.

औषधे आणि आपली जबाबदारी

नेहमीची औषधे स्वतःच्या गरजेपुरती, साधारण तीन महिन्यांपर्यंतची नेता येतात. अल्प्राझोलाम, क्लोबाझाम, फिनोबार्बिटोन, मिथाइलफेनिडेट, कोडीन ही औषधे मात्र आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आहेत. त्यांचा साठा प्रवासाच्या मुदतीपुरता मोजका असावा आणि सोबत डॉक्टरचे पत्र हवेच. त्या पत्रात पुढील गोष्टी असाव्यात :

१. रुग्णाचे पासपोर्टप्रमाणे नाव, जन्मतारीख व पासपोर्ट क्रमांक.
२. निदान, आणि औषधाचे मूळ (जेनेरिक) नाव.
३. औषधाचे स्वरूप, ताकद, दैनिक मात्रा व नेलेली एकूण संख्या.
४. प्रवासाच्या तारखा.
५. डॉक्टरचे नाव, नोंदणी क्रमांक, दूरध्वनी, सही व शिक्का.

पत्र इंग्रजीत व टंकलिखित असावे. गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवाव्यात. आजोबांच्या आवडत्या प्लास्टिकच्या डबीत नव्हेत. इन्शुलीन, इन्हेलर व अपस्माराची औषधे हातातल्या पिशवीत असावीत, कारण मोठी बॅग कधीकधी दोन दिवसांनी पोचते.

नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी जर्मन वकिलातीची ताजी सूचना रुग्णाने पाहावीच. पत्राचे काम मात्र आपले आहे. ते लिहायला मला आता दहा मिनिटे लागतात. त्या रात्री एका आईने परक्या देशात, झोपलेले मूल खांद्यावर घेऊन, एक तास उभ्याने काढला होता. आपल्या दहा मिनिटांनी तो तास वाचतो, एवढे स्मरणात राहिले तरी या लेखाचे काम झाले.